मेस्सी मागे येत नाही, मग कोण येतं? लुसैलच्या अंतिम सामन्याच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

हंगाम संपला. मैदानावर चिखल झालाय, कोल्हापुरात आता पावसाचं राज्य. हे दिवस पोरांना खोलीत बसवून शिकवण्याचे. यंदा दहा सामन्यांतले दहा तुकडे दाखवण्यापेक्षा एकच सामना घ्यायचा आणि त्याचा धागा न् धागा सोडवायचा असं ठरवलंय. १८ डिसेंबर २०२२, कतारमधलं लुसैल, विश्वचषकाचा अंतिम सामना, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. १२० मिनिटांनंतर ३-३, टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्ट्यांच्या फैरीत, अर्जेंटिना ४-२.

सामना सगळ्यांनी पाहिलाय आणि अडचण तीच आहे. पोरांना सहाच्या सहा गोल पाठ आहेत. गोल सोडून काही विचारलं की गप्प. पहिली ७५ मिनिटं फ्रान्सचा संघ मैदानावर असून नसल्यासारखा का होता? आणि नंतर एकाएकी कुठून आला? याचं उत्तर फ्रान्सचा आघाडीवीर ‘एमबापे’ एवढंच येतं. एमबापे पहिल्या मिनिटापासून मैदानातच होता की.

माझा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो, म्हणजे वाट चुकायला नको. दोन्ही संघांत एक-एक माणूस असा, जो चेंडू गेल्यावर मागे पळत येत नाही. त्याची सूट कोण फेडतं?

हा प्रश्न मुद्दाम घेतलाय. आपल्याकडे प्रत्येक पेठेच्या संघात असा एक ‘स्टार’ असतो. तो मागे येत नाही, त्याला कोणी बोलत नाही, आणि हरलं की शिव्या बिचाऱ्या फुलबॅकला, म्हणजे बगलेवरच्या बचावपटूला.

५ जून, गुरुवार

भाची पुण्याहून आलीय. कॉम्प्युटरचं शिकते, फुटबॉल माझ्याहून जास्त बघते. आकड्यांची बाजू तिच्याकडे. स्टॅट्सबॉम्ब या कंपनीनं २०२२ च्या विश्वचषकाचे सगळे ६४ सामने मोफत खुले करून ठेवलेत. प्रत्येक पास, चेंडू घेऊन केलेली धाव, टॅकल, गोलवरचा फटका, आणि चेंडूवाल्याच्या अंगावर कोण धावून गेलं तेसुद्धा, वेळेसकट आणि जागेसकट. पायथॉन या संगणकाच्या भाषेत उघडायचं, हवं ते गाळून घ्यायचं.

तिनं सुरुवातीलाच तीन गोष्टी बजावल्या, त्या इथे टिपून ठेवतो.

यातलं मैदान १२० बाय ८० असं मोजलेलं असतं आणि ज्या संघाची नोंद असेल तो संघ कायम डावीकडून उजवीकडे खेळतोय असं धरलेलं असतं. म्हणजे अर्जेंटिनाचा डी मारिया डाव्या बगलेवर, त्याचा आडवा आकडा शून्याजवळ. त्याच गवतावर त्याच्यासमोर उभा असलेला कुंडे फ्रान्सचा राइट बॅक, त्याचा आकडा ऐंशीजवळ. दोघांना एकाच चित्रात आणायचं तर एका संघाचे आकडे उलटवावे लागतात. नाहीतर एकमेकांना भिडलेले दोघं कागदावर मैदानाच्या दोन टोकांना दिसतात.

दुसरी गोष्ट, टायब्रेकर हा पाचवा ‘कालखंड’ म्हणून त्याच फायलीत असतो. तो वगळला नाही तर टायब्रेकरच्या पेनल्ट्याही फटक्यांत मोजल्या जातात. तिसरी, पूर्वार्धाला सात मिनिटं वाढवून दिली होती, त्यामुळे ४५ ते ५२ ही मिनिटं दोनदा येतात, एकदा पूर्वार्धाची आणि एकदा उत्तरार्धाची. नुसतं मिनिट धरून गाळलं की दोन्हींची खिचडी.

मी विचारलं, कोण धावला *नाही* हे यात सापडतं का? म्हणाली, “मामा, न केलेल्या गोष्टीची नोंद कुठून असणार? ते तुला डोळ्यांनीच बघावं लागेल.” म्हणजे काम वाटलं गेलं. पास आणि जागा तिच्याकडे, सुस्त पाय माझ्याकडे.

८ जून, रविवार

आज फक्त संघ कसे उतरले ते.

अर्जेंटिना: गोलमध्ये एमिलियानो मार्टिनेझ. मागे मोलिना, रोमेरो, ओटामेंडी, टॅग्लियाफिको. मध्ये डी पॉल, एन्झो फर्नांडेझ, मॅक ॲलिस्टर. पुढे मेस्सी, अल्वारेझ, डी मारिया. फ्रान्स: लॉरिस. कुंडे, वरान, उपामेकानो, थिओ हर्नांडेझ. चुआमेनी आणि राबिओ. त्यांच्या पुढे डेम्बेले, ग्रीझमन, एमबापे. टोकाला जिरू.

कागदावर ४-३-३ आणि ४-२-३-१ (मागून पुढे, कुठल्या फळीत किती जण ते). एवढं लिहून बरेच लोक ‘डावपेचांची तुलना’ संपवतात. पोरांना मी हे फळ्यावर लिहूनच देणार नाहीये. रचना ही सामना सुरू होण्याआधीच्या फोटोपुरती. चेंडू हलला की ती मोडते, आणि कशी मोडते ते बघायचं असतं.

दोन प्रशिक्षकांचा स्वभाव मात्र इथेच दिसतो. अर्जेंटिनाच्या स्कालोनीनं बाद फेरीत प्रत्येक वेळी कपडे बदलले. नेदरलँड्सविरुद्ध तीन स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, लावून पाच जणांची बचावफळी केली, कारण समोरचाही तसाच खेळत होता. क्रोएशियाविरुद्ध पारेडेसला आणून मधल्या फळीत चार जण भरले, कारण क्रोएशियाचा जीव तिथेच होता. आणि अंतिम सामन्याला डी मारिया. हा माणूस ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळला नव्हता, क्रोएशियाविरुद्ध खेळला नव्हता, नेदरलँड्सविरुद्ध जादा वेळेत थोडासा आला होता. त्याला थेट अंतिम सामन्यात घेतलं, आणि तेही डाव्या बगलेवर. उजवीकडून आत कापत येणारा डावखुरा अशी त्याची ओळख. उजवीकडे त्याची वाट बघायची सवय झालेल्या जगाला स्कालोनीनं दुसऱ्या दारानं गाठलं.

फ्रान्सच्या देशाँचं उलट. त्याचा साचा ठरलेला. पोग्बा, कांटे, बेन्झेमा दुखापतींमुळे गेलेले, तरी त्यानं ग्रीझमनला आघाडीवरून खाली ओढून मधल्या फळीचा हमाल केला आणि साचा चालवून दाखवला. ग्रीझमननं त्या स्पर्धेत जे काम केलं ते माझ्या मते एमबापेच्या आठ गोलांइतकंच मोलाचं होतं. पण गोल मोजता येतात, हमाली मोजता येत नाही.

१२ जून, गुरुवार

आज पहिली चाळीस मिनिटं. थांबवत-थांबवत पाहिलं, एकेका मिनिटाला पाच-पाच मिनिटं गेली असतील. आजची नोंद लांबणार.

आधी जागांचं गणित. मेस्सी अर्जेंटिनाच्या उजव्या बाजूनं खेळतो, एमबापे फ्रान्सच्या डाव्या. म्हणजे दोघंही मैदानाच्या *एकाच* बगलेवर. मागे न येणारे दोन्ही खेळाडू एकाच गल्लीत. ही गल्ली दोन्ही संघांसाठी धोक्याची. मेस्सी मागे येत नाही म्हणून थिओला वर चढायला वाट, एमबापे मागे येत नाही म्हणून मोलिनाला.

आता त्या गल्लीत कोणी काय फेडलं ते बघा. अर्जेंटिनाकडे चेंडू नसताना ४-३-३ ची ४-४-२ होते. मेस्सी अल्वारेझबरोबर पुढेच राहतो. त्याची उजवीकडची जागा डी पॉल भरतो. डी पॉल मूळचा मधला खेळाडू, पण चेंडू गेला की तो बाहेर सरकून थिओच्या वाटेत उभा. मोलिना एमबापेला सोडत नाही. मोलिना चुकलाच तर रोमेरो आतून येतो. एमबापेला चेंडू मिळायच्या आधीच त्याच्याभोवती दोघं-तिघं असतात. पूर्वार्धात एमबापे जवळजवळ दिसतच नाही त्याचं कारण हे. त्याला कोणी एकानं ‘धरलं’ नव्हतं. त्याच्यापर्यंत चेंडू येण्याची वाटच बुजवली होती.

पुढे अल्वारेझ दोन स्टॉपरांमध्ये एकटा पळतोय, मेस्सीच्या वाटणीचंही. बावीस वर्षांचा पोरगा, पाय थकत नाहीत. मेस्सी चालतोय. चालतोय म्हणजे अक्षरशः चालतोय, आणि मान फिरवत बघतोय कुठे जागा होतेय ते.

फ्रान्सचं फेडणं कसं? राबिओ डावीकडे सरकतो, थिओ जपून राहतो, ग्रीझमन खाली येतो. म्हणजे एमबापेची सूट फेडायला तिघं त्या बाजूला वाकलेले. साचा इथपर्यंत बरोबर चालतो, आणि स्कालोनीनं नेमकं हेच हेरलं असणार. सगळे एका बाजूला वाकले की दुसरी बाजू उघडी पडते. त्या दुसऱ्या बाजूला त्यानं डी मारियाला ठेवलंय, पांढऱ्या रेषेला बूट टेकवून.

त्याच्यासमोर कोण? कुंडे, जो मुळात स्टॉपर. पहिल्या सामन्यानंतर पव्हारच्या जागी राइट बॅक झालेला. तो रेषेपर्यंत बाहेर जायला बिचकतो, कारण गेला तर त्याच्या आणि वरानच्या मधल्या फटीत मॅक ॲलिस्टर घुसायला टपलेला. मग बाहेर जायचं कोणी? डेम्बेलेनं. आणि डेम्बेले हा मागे येऊन मार्किंग करायच्या कामाचा माणूस नव्हे. थोडक्यात, फ्रान्सकडे न फेडणारे दोन निघाले, एमबापे आणि डेम्बेले. अर्जेंटिनाकडे एकच.

चाल पुन्हा पुन्हा तीच. मेस्सी, डी पॉल, मोलिना उजवीकडे छोटे-छोटे पास करत फ्रान्सला त्या बाजूला गोळा करतात, मग चेंडू झटकन डावीकडे. डी मारियाला समोर एकच माणूस, तोही मागे सरकत असलेला. २३ व्या मिनिटाला मेस्सीनं पेनल्टीवर १-० केलं, ती पेनल्टी मिळाली यातूनच. डी मारियानं डेम्बेलेला हूल देऊन आत घेतलं, डेम्बेले मागून धावला आणि पायात पाय. धक्का हलका होता, शिट्टी स्वस्तात वाजली असं म्हणणारे आहेत, मीही तेव्हा म्हणालो होतो. पण पोरांना दाखवायचंय ते वेगळंच: विंगर, म्हणजे बगलेवरचा आघाडीवीर, आपल्याच पेनल्टी बॉक्समध्ये प्रतिस्पर्ध्याच्या *पाठीमागून* पळत होता. तिथेच काम फसलं होतं, शिट्टी नंतरची.

भाचीनं डी मारियाच्या पासांचा नकाशा काढला. डाव्या रेषेला चिकटून ठिपक्यांची रांग. मेस्सीचे ठिपके उजवीकडून मध्यापर्यंत पसरलेले. दोन कागद एकावर एक ठेवले की मधलं मैदान दोघांनी कसं ताणलंय ते दिसतं. फळ्यावर तासभर बोलून जे झालं नसतं ते दोन कागदांनी केलं.

१३ जून, शुक्रवार

फ्रान्सच्या गोटात त्या आठवड्यात ताप-सर्दीची साथ होती. उपामेकानो आणि राबिओ उपांत्य सामना मुकले, पण अंतिम सामन्यात दोघंही पहिल्यापासून खेळले. कुणाचे पाय किती जड होते हे टीव्हीवरून सांगता येत नाही. पोरांना एवढंच सांगणार आणि पुढे जाणार. नाहीतर त्यांना सबब सापडेल.

१७ जून, मंगळवार

३६ व्या मिनिटाचा गोल. कॅरमबोर्डवर बाटल्यांची बुचं मांडून करून पाहिला. निळी बुचं फ्रान्स, पांढरी अर्जेंटिना.

मोलिनानं उजवीकडून चेंडू मॅक ॲलिस्टरकडे. त्यानं मेस्सीकडे. मेस्सीनं अंगावर आलेल्या माणसाला बगल देत, चेंडू जेमतेम स्पर्शून अल्वारेझला सोडला. अल्वारेझनं न थांबवता पुढच्या मोकळ्या पट्ट्यात थ्रू पास दिला. त्या पट्ट्यात धावत आला तो पुन्हा मॅक ॲलिस्टरच, ज्यानं चाल सुरू करताना चेंडू दिला होता. त्यानं आडवा पास दिला आणि डावीकडे एकटा डी मारिया. लॉरिसवरून गोल.

बहुतेक जण मेस्सीचा तो स्पर्श दाखवतात. बरोबरच आहे, तो दाखवण्याजोगाच आहे. मी मात्र मॅक ॲलिस्टरवर पेन ठेवणार. चेंडू देऊन तो थांबला नाही. मेस्सीकडे चेंडू गेलाय म्हणजे परत येणार, कुठे तरी पुढे येणार, या भरवशावर तो आपल्या अर्ध्यातून त्यांच्या बॉक्सपर्यंत पळाला. मेस्सीची सूट फेडणाऱ्याला त्याच्याच पायातून परतफेड मिळते ती अशी. फ्रान्समध्ये राबिओ एमबापेसाठी पळत होता, पण बदल्यात त्याला असा एकही चेंडू मिळाला नाही, कारण एमबापेच्याच पायात चेंडू येत नव्हता.

पूर्वार्धात फ्रान्सचा गोलवर एकही फटका नाही. नेम चुकलेलाही नाही.

बुचांचा खेळ धाकट्या पोरांना फार आवडला. एकानं विचारलं, निळं बुच कुठलं चुकलं सांगा. सांगता येईना. एकेक बुच आपापल्या जागी ठीकच उभं होतं, फक्त चेंडूच्या एक पाऊल मागे.

२१ जून, शनिवार

४१ वं मिनिट. देशाँनं जिरू आणि डेम्बेलेला काढलं, थुराम आणि कोलो मुआनीला आणलं. अंतिम सामन्यात मध्यंतराची वाटही न बघता दोन बदल! जिरूचा चेहरा बघण्यासारखा होता. आपल्याकडे असं केलं तर खेळाडू थेट घरी जातो आणि त्याच्यामागून अख्खी गल्ली.

डेम्बेले का गेला ते १२ जूनच्या नोंदीत आलंच. जिरू का? कारण त्याच्याकडे चेंडू पोचत नव्हता आणि अर्जेंटिनाचे स्टॉपर त्याच्या वेगाची भीती न बाळगता वर सरकत होते. नव्या मांडणीत एमबापे मध्ये, थुराम डावीकडे, कोलो मुआनी उजवीकडे.

इथे २०१८ आठवतो. ३० जून २०१८, कझान, हेच दोन संघ, फ्रान्स ४-३. तेव्हा एमबापे उजवीकडे होता, आणि डावीकडे देशाँनं मातुइदी ठेवला होता. नावाला विंगर, कामाला मधल्या फळीतला तिसरा. मागे कांटे. म्हणजे एमबापेच्या सुटीचा पूर्ण बंदोबस्त करून मगच त्याला मोकळं सोडलं होतं. २०२२ मध्ये मातुइदी नाही, कांटे नाही, आणि विंगर दोन्ही बाजूंना खरेखुरे. फेडणारे कमी, सूट घेणारे जास्त. ४१ व्या मिनिटाचे बदल म्हणजे देशाँनं हे सामना चालू असताना कबूल करणं, असं मी वाचतो. थुराम पळतो, कोलो मुआनी पळतो. एमबापेला मध्ये आणलं की बगल सांभाळण्याची जबाबदारीच त्याच्यावर राहत नाही. प्रश्न सुटला नाही तर प्रश्नाची जागा बदलली, आणि कधीकधी तेवढ्यानंही भागतं.

लगेच भागलं मात्र नाही. उत्तरार्धाची पहिली वीस मिनिटंही अर्जेंटिनाचीच.

२८ जून, शनिवार

६४ ते ८१. पोरांना जास्त वेळ याच भागावर द्यायचा आहे, कारण इथे दोन्ही बाकांवरून सामना खेळला गेला.

६४ व्या मिनिटाला स्कालोनीनं डी मारियाला काढून बचावपटू अकुनाला आणलं. ७१ व्या मिनिटाला देशाँनं ग्रीझमन आणि थिओला काढलं. कोमान उजव्या बाजूला, कामाविंगा लेफ्ट बॅक. कामाविंगा मुळात मधल्या फळीचा. आणि ग्रीझमन, ज्यानं सगळी स्पर्धा साचा चालवला, तोच बाहेर. हा बदल बघून तेव्हा वाटलं होतं, देशाँनं हात टेकले. आज पाहताना वाटलं की त्यानं साचा मोडून टाकला, आणि मोडणंच योग्य होतं. आता पुढे चौघं: कोमान, कोलो मुआनी, एमबापे, थुराम. मध्ये दोघंच, चुआमेनी आणि राबिओ. मधल्या फळीतून चेंडू नेण्याचा नाद सोडला. वरून टाका आणि पळा.

हे फुटबॉल आमच्या पोरांना ओळखीचं. त्यांचे डोळे चमकले. “सर, हे तर आपल्यासारखंच!” हो, पण आपण पहिल्या मिनिटापासून करतो. समोरचे दमलेले नसताना.

अर्जेंटिना दमली होती. आणि इथे एक आकडा, जो पोरांना वहीत लिहायला लावणार: निर्धारित ९० मिनिटांत देशाँनं चार बदल केले, स्कालोनीनं एक. डी पॉल, मॅक ॲलिस्टर, अल्वारेझ, मेस्सीची सूट फेडणारे सगळे, अजून मैदानातच होते. पाय संपत आले होते. चार ताज्या पायांसमोर ओटामेंडी, टॅग्लियाफिको, मोलिना. आधी दोघं-तिघं एमबापेभोवती जमत होते, आता जमायला जायचं तर थुराम किंवा कोमान मोकळा सुटतो. घेराव घालायला माणसंच उरली नाहीत.

बचावफळीमागे पडलेला चेंडू, कोलो मुआनी आणि ओटामेंडी यांची शर्यत, ओटामेंडीनं धरलं, पेनल्टी. ८० वं मिनिट, एमबापे, २-१. मार्टिनेझचा हात लागूनही चेंडू आत.

आणि ९७ सेकंदांनी दुसरा. हा गोल मी पोरांना उलटा दाखवणार, शेवटाकडून सुरुवातीकडे. एमबापेची हवेतल्या हवेत मारलेली व्हॉली. त्याआधी थुरामनं उचलून दिलेला चेंडू. त्याआधी एमबापेनंच डोक्यानं थुरामकडे दिलेला. त्याआधी राबिओचा पुढे टाकलेला. आणि सगळ्याच्या मुळाशी कोमान, ज्यानं मेस्सीच्या पायातून चेंडू काढून घेतला.

मेस्सीच्या पायातून. दहा मिनिटांपूर्वी आलेला, फुप्फुसं भरलेली असा माणूस, आणि समोर ऐंशी मिनिटं खेळलेला पस्तिशीचा मेस्सी. चेंडू गेल्यावर मेस्सी मागे पळाला नाही. पळणार नव्हताच, ते ठरलेलंच होतं. फरक इतकाच की या वेळी त्याच्या जागी पळायला कोणाच्या पायात जोर नव्हता.

१ जुलै, मंगळवार

भाचीशी वाद. ती म्हणते डी मारियाला काढणं हीच चूक. तो गेला आणि फ्रान्सच्या उजव्या बाजूवरचं ओझं उतरलं, कुंडे मोकळा झाला, मग कोमानला आणणं देशाँला परवडलं. नकाशे काढून दाखवले तिनं. ६४ नंतर डावीकडचे अर्जेंटिनाचे ठिपके खाली सरकलेले दिसतात, अकुनाचे, स्वतःच्या अर्ध्यात.

मला पटत नाही. चौतीस वर्षांचा, दुखापतीतून नुकताच उठलेला, स्पर्धेत महत्त्वाच्या तिन्ही सामन्यांत जवळजवळ बसून असलेला माणूस. त्याच्याकडून तासाभराहून जास्त कोण मागणार? मुद्दा तो गेला हा नाही. तो गेल्यावर बाकीचे का नाही गेले, हा आहे. सत्तराव्या मिनिटाला डी पॉलच्या जागी पारेडेस आला असता तर कोमानसमोर ताजा माणूस असता. स्कालोनीनं दोन गोलांची आघाडी ‘न हलवता’ ठेवायची ठरवली. चालू असलेलं मोडू नये हा शहाणपणा आपल्याकडेही फार. २-० असताना बदल करायला कोण धजतो!

भाची म्हणाली, “तू स्कालोनीला वाचवतोयस, कारण तुमची सगळी पेठ अर्जेंटिनाची.” असेल. पण नोंद माझी आहे, माझंच मत राहणार. तिचे नकाशे मात्र दाखवणार, पोरांनी ठरवावं.

५ जुलै, शनिवार

जादा वेळ. पटकन लिहितो, कारण इथे डावपेच कमी आणि उरलेला श्वास जास्त.

जादा वेळ सुरू होताना मॉन्टिएल मोलिनाच्या जागी. १०२ च्या सुमाराला डी पॉल आणि अल्वारेझ गेले, पारेडेस आणि आघाडीवीर लाउटारो आले. माझ्या मते हे बदल अर्ध्या तासानं उशिरा झाले, पण झाल्याबरोबर फरक दिसतो. ताजा लाउटारो बचावफळीच्या मागे पळायला लागला, फ्रान्सचे स्टॉपर मागे सरकले, आणि मध्ये मेस्सीला पुन्हा चालायला, बघायला जागा मिळाली. जादा वेळेच्या मध्यंतराआधी लाउटारोचा फटका उपामेकानोनं अंगावर घेतला. १०८ व्या मिनिटाला लाउटारोचा जोराचा फटका लॉरिसनं परतवला आणि मेस्सीनं उजव्या पायानं आत ढकलला. कुंडेनं बाहेर काढला तेव्हा चेंडू रेषेच्या आत गेलेला होता. मागे न येणारा माणूस गोलपासून चार पावलांवर कसा, याचं उत्तरही तेच. मागे गेलाच नव्हता म्हणून तिथे होता. सूट कशासाठी द्यायची ते या गोलात दिसतं.

फ्रान्सकडे तोवर राबिओही गेला होता, डोक्याला मार लागून, फोफाना त्याच्या जागी. सुरुवातीच्या अकरांतल्या पुढच्या चौघांपैकी फक्त एमबापे उरला. त्याचा फटका मॉन्टिएलच्या कोपराला लागला, पेनल्टी, आणि ११८ व्या मिनिटाला ३-३. अंतिम सामन्यात तीन गोल. याआधी १९६६ मध्ये इंग्लंडच्या जेफ हर्स्टनं केले होते.

शेवटचं मिनिट पोरांना न थांबवता दाखवणार. कोलो मुआनी एकटा, मार्टिनेझचा डावा पाय. लगेच दुसऱ्या टोकाला लाउटारोचं हेडर बाहेर. काही सेकंदांत दोन्ही संघ जिंकू शकले असते. त्या क्षणी ४-३-३ कुठे आणि ४-२-३-१ कुठे, शोधून दाखवा म्हणावं.

टायब्रेकरचं या वहीत काही लिहीत नाही. मार्टिनेझनं कोमानची अडवली, चुआमेनीची बाहेर गेली, मॉन्टिएलनं शेवटची मारली. तो वेगळा खेळ आणि त्याचा सराव वेगळा.

६ जुलै, रविवार

सत्राची तयारी झाली. पहिल्या आठवड्यात नकाशे आणि ३६ वं मिनिट, दुसऱ्यात ६४ ते ८१. तिसऱ्यात पाऊस उघडलाच तर मैदानावर: आठ विरुद्ध आठ, दोन्हीकडे एक-एक माणूस ठरवून द्यायचा, ज्याला मधली रेषा ओलांडून मागे यायला *बंदी*. बाकीच्या सातांनी आपापसांत ठरवायचं त्याची जागा कोण भरणार. मी काही सांगणार नाही. दर दहा मिनिटांनी तो माणूस बदलायचा, म्हणजे प्रत्येकाला सूट मिळेल आणि प्रत्येकाला फेडावीही लागेल.

आमच्या ‘स्टार’नं आत्ताच विचारून ठेवलंय की पहिला बंदीवाला तोच ना. नाही म्हटलं. तू पहिल्या दहा मिनिटांत डी पॉल.